वजीरची बारी

माझ्या सासऱ्यांना गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर होतं काय, सुट्टीच्या दिवशी ताम्हिणीच्या रस्त्याला चहाला थांबलो की लोक आमच्या जुन्या फियाटभोवती जमतात, फोटो काढतात आणि फेटा बांधून शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाला विचारतात, "आजोबा, केवढी पळवता हो ही?" मामा मिशीवरून हात फिरवतात आणि सांगतात, "घाटात ह्याच्या म्होरं कोन जात न्हाई." स्टेअरिंगवर मी बसलेली असते, घामाघूम. मला कोणी काही विचारत नाही. याची मला सवय झाली आहे, पण आवडतं असं नाही.

मामा म्हणजे माझे सासरे, कोंडाजी बहिरू ढमाले, मुक्काम कासार आंबोली. मी त्यांची सून, ज्ञानदा. माहेर कोथरूडचं. आमच्या इकडे सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात, त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला घरात सगळे पाहुणेच आल्यासारखं वाटायचं. मामा उंच, काटक, आणि बोलणं कोयत्यानं ऊस तोडावा तसं. भाजी चांगली झाली असं ते आजवर कधी म्हणाले नाहीत. दुसऱ्यांदा वाढून घेतलं की समजायचं. माझी ओळख करून देताना ते ठरलेलं एकच वाक्य बोलतात, "ही कोथरूडची." सून हा शब्दसुद्धा नाही. मंडईतून आणलेल्या मालाला गावाचं नाव लावावं तसं.

मामा गाडामालक. आमच्या भागात एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, पण कोथरूडच्या माणसाला सांगावं लागतं, म्हणजे मलाही सांगावं लागलं होतं. बैलगाड्याच्या शर्यतीत चढणीची धाव असते, तिला घाट म्हणतात. गाडे एकेक करून सुटतात. शेजारच्याशी झुंज नसते, घड्याळाशी असते. एका गाड्याची एक धाव म्हणजे त्याची बारी, आणि सगळ्यांत कमी वेळात वर पोचेल तो घाटाचा राजा. आणि गंमत अशी की गाडामालक स्वतः गाडा हाकत नाही. बैल जोपासायचे, त्यांच्या पायाखाली आयुष्य अंथरायचं आणि शर्यतीच्या दिवशी फेटा बांधून वर निशाणापाशी उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. हाकणारे वेगळे. पण बारी सुटायच्या आधी लाउडस्पीकरवरून नाव पुकारतात ते मालकाचं. "भैरवनाथ प्रसन्न! गाडामालक कोंडाजी बहिरू ढमाले, कासार आंबोली!" आणि पाठोपाठ "भिर्रर्र!" की गाडा सुटलाच.

त्या एका पुकाऱ्यापायी मामांनी काय काय केलं ते आत्यांकडून ऐकावं. घरात दूध कमी पडलं तर आधी पोरांच्या चहातून कमी व्हायचं, बैलांच्या बादलीतून नाही. माझा नवरा निरंजन आजही काळा चहा पितो, तो आवडीनं पितो असं मला लग्नाआधी वाटलं होतं.

मी या घरात आले तेव्हा शर्यतींवर कोर्टाची बंदी होती. गोठ्यात लाल्या आणि वजीर असे दोन खिलार बैल उभे असत. ऐन उमेदीत असताना बंदी आली आणि तेव्हापासून ते नुसते उभे होते. मामा रोज त्यांना ओढ्यापर्यंत फिरवून आणत, अंग चोळत, उडदाची डाळ भिजवून घालत. दर वर्षी म्हणत, "औंदा उठंल बंदी." औंदा काही उठली नाही. एका थंडीत लाल्या गेला. मामांनी त्याला शेताच्या बांधाला पुरलं, दहाव्याला मुंडण केलं, आणि मग बोलणंच सोडलं. जेवायला हाक मारली तर येत, ऊठ म्हटलं तर उठत. आत्या मला म्हणाल्या, "जोडीतला येक गेला का दुसऱ्याच्या आदी मालकच खंगतो बग." मला भीतीच वाटली.

ही फियाट आली ती त्या दिवसांत. आमच्या घरापलीकडे पुण्याच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा बंगला आहे. जमीन मुळात आमचीच, कधीकाळी विकलेली. म्हणून मामा तिथे अजूनही हक्कानं जातात आणि झाडांना पाणी कमी पडलं तर माळ्याला झापतात. ते गृहस्थ वारले. त्यांचा मुलगा मनीष बंगला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायचा म्हणून आवरायला आला. मागच्या फणसाखाली वडिलांची गाडी वर्षानुवर्षं उभी होती. फुगीर पाठीची, पुढे सोंड काढलेली, पुढची दारं उलट्या बाजूला उघडणारी इटालियन धाटणीची छोटी फियाट, जिला सगळा महाराष्ट्र डुक्कर फियाट म्हणतो. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मनीषनं भंगारवाल्याला फोन लावला होता. मामा गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "मला द्या."

"कशाला मामा? पार गंजलीय," मनीष म्हणाला.

"मोडल्याली न्हाई. नुसती उभी ठिवली म्हनून गंजली," मामा म्हणाले. "पळनाऱ्या जनावराला उभं ठिवलं का असंच हुतं."

कितीतरी दिवसांनी ते एवढं लांब बोलले होते. आत्यांनी डोळ्यांनीच मला सांगितलं, गाडी येऊ दे, काही बोलू नकोस.

ट्रॅक्टरनं ओढून गाडी घरी आणली. छप्पर फक्त गोठ्याला होतं, म्हणून ती लाल्याच्या जागेवर उभी केली. वजीरनं मान लांबवून हुंगलं आणि बॉनेट चाटायला सुरुवात केली. आत्यांचं म्हणणं, गंजाची खारट चव लागली असेल. मामांना विचाराल तर जोडी जमली. संध्याकाळी डासांसाठी वजीरपाशी धूर करत, तसा ते गाडीपाशीही करू लागले. मी एकदा म्हटलं, "मामा, तिला डास चावत नाहीत." तर म्हणाले, "शेजाऱ्याला धूर आन ह्याला न्हाई, बरं दिसतं व्हय?"

गाडी ही बाईमाणूस नाही, तो बैल आहे, हे तेव्हाच ठरून गेलं.

पौडच्या बाजारात हाफीजभाईंचं गॅरेज आहे. तरुणपणी ते पुण्याच्या कॅम्पात एका गॅरेजात कामाला होते, तिथे शर्यतीसाठी फियाट तयार व्हायच्या. पुढे जन्मभर ट्रॅक्टर आणि टेम्पो दुरुस्त केले, पण तो नाद आत कुठेतरी शिल्लक होता. मामांना ते "शेठ" म्हणतात, कारण गाडामालक म्हणजे शेठ, खिशात काही असो नसो. त्यांनी गोठ्यात येऊन बॉनेट उघडलं, आतलं उंदराचं घरटं बाजूला केलं आणि विचारलं, "शेठ, नुसता चालू करायचा का पळवायचा?"

"उभी जनावरं लई बगितली, हाफीजभाई. पळवायचा."

झालं. दोघांनी मिळून त्या गाडीची हाडं न् हाडं सुटी केली. इंजिनाचा वरचा भाग घासून त्याचा जोर वाढवला. एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले. मामांनी त्यांना दोन नाकपुड्या म्हणून मान्यता दिली. पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स आला, रुंद टायर आले, स्प्रिंगा आखूड झाल्या. सायलेन्सर असा बसवला की गाडी सुरू झाली की आमचं दूध विरजायच्या आधी नासेल असं आत्या म्हणत. मामांना यांतलं यंत्र काही कळत नव्हतं, पण जनावर सगळं कळत होतं. हाफीजभाई त्यांना त्यांच्या भाषेत सांगत. पुढच्या चाकांचे जुने ब्रेक काढून उघड्या पोलादी तबकड्यांचे डिस्क ब्रेक लावायचे ठरले, तेव्हा मात्र मामा अडून बसले. पळायचंय की थांबायचंय, असा त्यांचा सवाल होता. हाफीजभाई म्हणाले, "शेठ, बैलाचा खांदा असतो ना, तसा ह्याचा ह्यो ब्रेक. सगळा भार शेवटाला हितं येतो. ह्यो जपला तर गाडी जपली." मामांना एकदम पटलं. ते त्या तबकडीवरून हात फिरवत कितीतरी वेळ बसले. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

काम चालू असतानाच पावसाळ्यात वजीर गेला. आणि त्याच वर्षी थंडीत कोर्टानं शर्यतींना परवानगी दिली. गावात फटाके वाजले, पोरांनी गुलाल उधळला. मामा गोठ्यात दावणीला टेकून बसले होते. निरंजन म्हणाला, "आबा, नवी जोडी आणू आपण." मामा म्हणाले, "पुन्यांदा जीव लावायचा आन पुन्यांदा पुरायचा, येवढा दम न्हाई राह्यला बाबा." मी स्वयंपाकघरात होते, मला रडू कोसळलं. एरवी मी रडत नाही, चिडते.

गाडीला रंग द्यायची वेळ आली तेव्हा रंगारी छापील रंगपट्ट्या घेऊन आला. मामांनी त्या बाजूला सारल्या आणि वजीरचा फोटो त्याच्या हातात दिला. पांढऱ्यात किंचित करडी झाक, खांद्याकडे जरा गडद. रंगारी वैतागला, पण त्यानं केलं. गाडीचं नाव वजीर ठेवलं हे वेगळं सांगायला नको. कुणी कौतुकानं "अरे, डुक्कर फियाट!" असं ओरडलं की मामांचा पारा चढतो. एकदा मुळशी धरणाकाठी एका शहरी पाहुण्याला त्यांनी सुनावलं, "तुमच्या गाडीला आमी काय म्हनलो का?"

आता हाकायचं कुणी? निरंजन हिंजवडीला दिवसभर संगणकापुढे बसतो आणि वळणांच्या रस्त्यावर त्याला उलटी होते. मामा चालवणार नाहीत. गाडामालक गाडा हाकत नाही, तत्त्वाचा प्रश्न. राहिले मी. मला चालवता येत होतं, पण पाच गिअरांचा तो अडेल दांडा, चिखलाचे रस्ते आणि शेजारी प्रत्येक वळणाला "सैल सोड, त्याला त्याचं कळतंय" म्हणणारा सासरा, यांत शिकायचं म्हणजे तपश्चर्या होती. शिकले. आणि खोटं कशाला बोलू, पिरंगुटच्या ऑफिसातून दमून आल्यावर ती गाडी सुरू केली, पायाखाली तो गुरगुराट जाणवला की माझाही शीण उतरायचा.

मागच्या वर्षी बातमी कळली की पुण्याचं एक जुन्या गाड्यांचं मंडळ ताम्हिणीकडच्या एका रिसॉर्टच्या खासगी चढणीवर शर्यत घेणार आहे. गाड्या एकेक करून सुटणार, घड्याळ लावणार. मी मामांना वाचून दाखवलं. ते ताठ बसले. "येकेक सुटनार? चढाला? घड्याळावर? म्हंजी घाटच की ह्यो!" मी लगेच नाव नोंदवलं. आयोजकांना फोन करून सांगितलं, की आमच्यात बारीआधी मालकाचं नाव पुकारतात, आधी देवाचं आणि मग मालकाचं, तेवढं कराल का? ते हसले आणि कबूल झाले. मामांना सांगितलं. त्या रात्री जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि भाजी कारल्याची होती.

इतक्या वर्षांनी ते नाव पुन्हा लाउडस्पीकरवरून ऐकू येणार होतं. घरात बाकी कशाला महत्त्वच राहिलं नाही.

आणि इथे माझी शहाणी कोथरूडची अक्कल आडवी आली. तारीख रविवारची आहे एवढंच मी पाहिलं. तो रविवार भाद्रपदातल्या अमावस्येचा होता. म्हणजे आमच्या मुळशी-मावळाकडचा पोळा! बाकी महाराष्ट्राचा श्रावणात होऊन जातो, आमचा भातलावणीनं दमलेल्या बैलांना दम खाऊ देऊन मग येतो. शहरातल्या मंडळाला काय त्याचं. पितृपक्षात रिसॉर्ट रिकामी मिळतात. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आमच्याकडे तर त्या दिवशी बैलावर आवाजसुद्धा चढवत नाहीत.

मामांना तारीख ऐकली तेव्हाच कळलं होतं, पण माझा उत्साह पाहून गप्प राहिले. आठवडा उरला तेव्हा जेवताना हळूच म्हणाले, "त्या दिशी पोळा हाय. वजीरला जुंपायचं म्हंजी..."

"मामा, ती गाडी आहे! बैल नाही!" मी चढ्या आवाजात बोलून गेले.

 आत्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मामांनी ताटातला घास संपवला, हात धुतला आणि म्हणाले, "जाऊ की. नाव दिलंय तर जायाचंच." मला वाटलं, मिटलं. मिटलं नव्हतं. मामा आत कुठेतरी स्वतःशी भांडत होते आणि वजीरची माफी मागायची वाट शोधत होते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर ज्या खांद्यानं जू पेललं त्याला हळद आणि तूप लावून चोळायचं, आणि उद्या जेवायला या असं बैलाला आवतण द्यायचं. त्या संध्याकाळी मामांनी आत्यांकडून वाटीत हळद आणि तूप मागून घेतलं. आत्यांना वाटलं, बॉनेटला बोट लावतील. मी फराळाचा डबा भरत होते. गोठ्यातून मामांचं पुटपुटणं ऐकू येत होतं, मला वाटलं देवाचं काही म्हणत असतील.

सकाळी उजाडल्यावर हाफीजभाई पौडहून आले, ते आमच्याबरोबर येणार होते. मामांनी कडक इस्त्रीचं धोतर आणि ठेवणीतला फेटा काढला होता. आत्यांनी गाडीला ओवाळलं. मामा आणि हाफीजभाई खाली रस्त्यावर गाडीत बसणार होते; मी एकटीनं गाडी सुरू केली, गोठ्यातून बाहेर काढली. आमचं घर उतारावर आहे. खाली गावचा अरुंद रस्ता आणि रस्त्यापलीकडे राजूभाऊंचं भाताचं खाचर. राजूभाऊ म्हणजे आत्यांचे चुलतभाऊ. उतार लागताच मी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. पुन्हा दाबला, पार फळीला टेकवला. गाडी आपली निवांत, कुरकुर न करता, साय सरकावी तशी खाली चालली. हातब्रेक ओढला तोवर रस्ता ओलांडून, बांध ओलांडून वजीर सोंडेपर्यंत राजूभाऊंच्या चिखलात जाऊन बसला होता. आजूबाजूला नुकतं निसवलेलं भात डुलत होतं. मी काचेतून बेडूक बघितला. बेडकानं मला बघितलं.

लागलं कुणालाच नाही. हाफीजभाई चप्पल हातात घेऊन चिखलात उतरले, पुढच्या चाकात बोट घातलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग बांधावर उभ्या असलेल्या मामांकडे बघून म्हणाले, "शेठ, ह्ये तूप हाय."

मामांचा चेहरा उतरला. "तुमीच म्हनला हुता, खांदा हाय म्हनून," ते म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आज पोळा, आन त्याला जुंपायला निघालो. म्हनलं निदान खांदा तरी मळावा."

बोट लावून त्यांचं समाधान झालं नव्हतं. पुढच्या दोन्ही चाकांच्या तबकड्या त्यांनी मनापासून, हळद घालून, जिरेपर्यंत चोळल्या होत्या. मागचे जुने ब्रेक त्या उतारावर एकट्यानं कितीसं धरणार? पुढेही जुने झाकलेले ब्रेक असते तर तूप आत पोचलंही नसतं. एवढे महागामोलाचे उघडे ब्रेक बसवले, तेच आडवे आले. मला भयंकर राग आला, आणि त्यांच्याकडे बघितल्यावर तो कुठे ठेवावा ते सुचेना. फेट्याचा तुरा वाऱ्यावर हलत होता आणि खाली माणूस पार मोडून गेला होता. "माज्याच हातानं," एवढंच ते म्हणत राहिले.

मग खटपट सुरू झाली. निरंजननं क्रेनवाल्याला फोन केला, तो म्हणाला इतक्या अरुंद रस्त्यात वळणार नाही. ट्रॅक्टर घालावा तर राजूभाऊंचं उरलेलं भातही चिरडलं असतं. ते बिचारे काही बोलत नव्हते, पण त्यांच्या बायकोचा चेहरा बोलत होता. बैल लावून ओढावं तर पोळा. ज्या सणापायी हे सगळं झालं त्याच दिवशी दुसऱ्याच्या बैलाला हात लावायची कुणाची छाती? ताम्हिणीला शर्यत सुरू व्हायची वेळ झाली, टळली. आयोजकांचा फोन आला. मी सांगितलं, येत नाही. मामा बांधावर बसून ऐकत होते. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

दुपार कलल्यावर पोळ्याची मिरवणूक निघाली. गावात आता बैल बोटांवर मोजण्याइतके राहिलेत, पण मिरवणूक मोठी असते. झुली, रंगवलेली शिंगं, ताशा, आणि पुढे कैलासच्या टेम्पोवर लाउडस्पीकर. कैलास मंडपवाला. हाच पूर्वी घाटात गाड्यांची नावं पुकारायचा, आजही पुकारतो. देवळाकडे जाणारा रस्ता आमच्या दारावरनं जातो, त्यामुळे सगळी मिरवणूक त्या खाचरापाशी येऊन थबकली. काय झालं ते हाफीजभाईंनी सांगितलं. तूप म्हटल्यावर पोरं हसली. म्हातारे हसले नाहीत. एक म्हातारा म्हणाला, "खांदा मळला त्यात काय चुकलं? पोळ्याला त्याला जुंपाया निघाला, ती चूक. त्यो बसला खाली, बरं केलं."

मग कोण आधी उतरलं ते मला आठवत नाही. धोतरं खोचली गेली, विजारी गुडघ्यापर्यंत वर गेल्या. जाड दोर आला. हाफीजभाईंनी तो मागच्या स्प्रिंगच्या पाट्याला बांधला. कुणी दोराला लागलं, कुणी पुढून सोंडेला खांदा दिला. बैल बांधावर उभे राहून रवंथ करत होते आणि माणसं जुंपली गेली होती. मी स्टेअरिंगवर, चाकं सरळ धरून.

"थांबा, थांबा!" कैलास टेम्पोवरून ओरडला. त्यानं माइकवर फुंकर मारली, ताशा थांबवला.  आणि त्यानं घाटात लावायचा तो आवाज लावला.

"भैरवनाथ प्रसन्न! गाडामालक... कोंडाजी... बहिरू... ढमाले! कासार आंबोली! बारी वजीरची!"

मी आरशातून मागे बघितलं. मामा बांधावर उभे राहिले होते. घाईघाईनं फेटा डोक्यावर बसवत होते आणि तो वाकडा बसत होता.

"भिर्रर्र!"

दोर ताठला. गाडी हलली, पुन्हा रुतली, पुन्हा हलली. चिखल सुटल्याचा पच्चकन आवाज आला आणि सगळ्या गावाच्या आरोळीत वजीर उलटा, शेपटाकडून, बांधावर चढला. टोप्या उडाल्या. गुलाल पोळ्यासाठी आणलेला होताच. कैलास माइकवर म्हणाला, "वेळ जरा जास्त लागला, पण घाटाचा राजा आमी ह्योच देतो!" मामा रडत होते. लपवत नव्हते, पुसत नव्हते. चिखलानं माखलेल्या बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे होते, आणि गुलाल त्यांच्या गालांवरून ओघळत होता. मला ते बघून इतकं बरं वाटलं, की ताम्हिणीची शर्यत माझ्या मनातूनही उतरली.

मी दार उघडून बाहेर आले. साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, केस सुटलेले. लोक मामांच्या पाठीवर थापा मारत होते, त्यांनाच विचारत होते, शेठ, इंजिनात पानी गेलं का, शेठ, पुन्यांदा पळंल का. नेहमीप्रमाणे मला कोणी काही विचारलं नाही. मी पाय धुवायला घराकडे वळले.

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. मी मागे बघितलं. मामांनी कैलासच्या हातातून माइक घेतला होता. सारा जन्म घाटात गेला, पण माइक त्यांनी कधी हातात धरला नव्हता. तो त्यांनी तोंडापासून लांब, भाजलेल्या कणसासारखा धरला होता. घाटात हाकणाऱ्याचं नाव पुकारत नाहीत.

"हाकनारी," ते म्हणाले आणि थांबले.  "हाकनारी ज्ञानदा निरंजन ढमाले. माजी सून." पुन्हा थांबले. सगळं गाव ऐकत होतं, पुढे गावाचं नाव यायचं होतं.

"कासार आंबोली," मामा म्हणाले.